वॉर्ड घेऊन विधानभवनात

नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य आमदार झाला, की कोकणात दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. त्याच्या वाडीत फटाके वाजतात आणि शहाण्यासुरत्या मंडळींच्या बैठकीत नाके मुरडली जातात, की कालपरवापर्यंत गटारावरची झाकणे मोजणारा माणूस आता कायदे करणार. फटाके मला समजतात. नाके मुरडणे पटत नाही. झाकणांचा हिशेब ज्याने ठेवला आहे, त्याला राज्याचा कारभार नेमका कुठे अडतो हे थेट वरून उतरलेल्या उमेदवारापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते. माझी तक्रार निराळी आहे. हा माणूस विधानभवनात जाताना आपला वॉर्ड बरोबर नेतो आणि वॉर्डात राबून मिळवलेले ज्ञान मात्र खाली ठेवून जातो. गटार त्याच्याबरोबर जाते. गटाराला पैसे का पुरत नाहीत हा प्रश्न मागे राहतो. पुढे दोन निवडणुका जिंकेपर्यंत तो त्या अपुरेपणाचाच लाभार्थी झालेला असतो, कारण खालच्या संस्थेकडे पैसा आणि अधिकार नसल्यामुळेच लोकांना त्याच्या दारात यावे लागते.

हे ज्ञान कसले, ते एखाद्या लहान नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत तासभर बसले तरी कळते. विषयपत्रिका दोन-तीन पानांची असते. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, शेवटचा अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा. मध्ये कुठेतरी एका नगरसेविकेने आपल्या प्रभागातल्या पाखाडीचा विषय लावलेला असतो. चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, म्हातारी माणसे घसरतात, एका बाजूने तरी लोखंडी कठडा हवा. विरोध कोणाचाच नसतो. सूचक, अनुमोदक लिहिले जातात आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. मग लेखापाल फाईल चाळून सांगतात, की या लेखाशीर्षात शिल्लक नाही. मुख्याधिकारी म्हणतात, प्रस्ताव करून जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवू, राज्याच्या नगरोत्थान योजनेत बसला तर बसला. पावसाळा येतो आणि जातो. बाई पुन्हा चौकशीला जातात तेव्हा टेबलावरचा लिपिक आवाज उतरवून, अगदी आपुलकीने सुचवतो, "मॅडम, आमदारसाहेबांचं पत्र आणा ना." निवडून आलेल्या प्रतिनिधीने सभागृहात मंजूर करून घेतलेल्या ठरावापेक्षा एका लेटरहेडवरच्या तीन ओळी भारी पडतात, हा धडा त्या दिवशी पक्का होतो. त्यातून पुढे कोणी आमदार झालाच, तर त्याच्या हातून असल्या पत्रांची गरज संपायला हवी होती. प्रत्यक्षात होते एवढेच, की लेटरहेड बदलते.

या दुबळेपणाला कारणे आहेत आणि ती नगरसेवकांच्या आळसात शोधून सापडणार नाहीत. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि हक्काच्या उत्पन्नाच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. ते पगारात आणि निवृत्तिवेतनात मुरते. घरपट्टी-पाणीपट्टी वाढवायची तर निवडणूक आडवी येते, आणि गणपती-मे महिन्यापुरती उघडणारी बंद घरे ज्या गावांत रांगेने आहेत तिथली वसुली हा वेगळाच विषय. मुख्याधिकारी राज्य संवर्गातले. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला असला तरी अधिकाऱ्याची बदली मंत्रालयातून होते, आणि ती कोणाच्या शब्दावर होते हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे कलम ३०८ आहेच, ज्याखाली जिल्हाधिकारी सभागृहाच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. बेकायदा ठरावांना आळा हवा हे खरे. पण विरोधी गटातला एखादा खमक्या नगरसेवक अर्ज करतो आणि मंजूर काम वर्षभर लोंबकळते, हेही तितकेच खरे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नगरपालिकांकडे द्यायचे म्हटले. विषय आले, त्यांच्याबरोबर यायचा पैसा आणि माणूसबळ वाटेतच राहिले.

जिल्हा परिषदेची कथा याहून खेदाची, कारण तिने वैभव पाहिलेले आहे. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि शाळा, दवाखाने, रस्ते, पाटबंधाऱ्याची लहान कामे त्यांच्याकडे आली. बांधकाम सभापती म्हणजे तेव्हा जिल्ह्यातला मोठा माणूस. पुढे एकेक खाते आणि एकेक योजना काढून घेतली गेली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण संस्थांचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले आणि जिल्हा परिषद सदस्याच्या हाती सांगण्यासारखे काही उरले नाही. पंधराव्या आयोगाच्या वेळी ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के अशी वाटणी झाली. ग्रामपंचायतीला थेट पैसा जाण्याला माझा विरोध नाही. परंतु दोन गावांमधला साकव, पाच वाड्यांची मिळून नळपाणी योजना, तालुक्याच्या शाळांची छपरे ही कामे एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नसतात. ती मधल्या पातळीची कामे आहेत. मधली पातळी रिकामी झाली आणि तिथे आमदार येऊन बसला. ग्रामविकास खात्याच्या ज्या लेखाशीर्षाला सगळे 'पंचवीस-पंधरा' म्हणून ओळखतात, त्यातली कामे लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने मंजूर होतात. साकव आमदाराच्या यादीत असेल तर होतो.

गंमत अशी, की हे होऊ नये याची काळजी महाराष्ट्राने सुरुवातीलाच घेतली होती. पंचायत राज्याची रचना ठरवणाऱ्या वसंतराव नाईक समितीने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व देऊ नये अशी शिफारस केली, आणि इतर अनेक राज्यांनी त्यांना पदसिद्ध सदस्य केले तसे न करता आपल्या कायद्याने त्यांना बाहेरच ठेवले. विचार सरळ होता. वजनदार माणूस सभागृहात बसला, की नवख्या सदस्याचा आवाज फुटत नाही. तालुक्याच्या वार्षिक आमसभेचे अध्यक्षपद तेवढे आमदाराकडे राहिले, आणि ती आमसभा कित्येक तालुक्यांत वर्षानुवर्षे होतच नाही. म्हणजे जिथे आमदाराने बसायचे, लोकांचे ऐकायचे आणि अधिकाऱ्यांना जाब विचारायचा, तिथे तो नाही. जिथून त्याला कायद्याने दूर ठेवले, तिथे मात्र निधीच्या वाटेने तो पोचला आहे.

ही वाट गेल्या काही वर्षांत हमरस्ता झाली. २०१७ मध्ये निवडून आलेल्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात, प्रभागरचनेचे अधिकार कोणाचे यावर दोन सरकारांचे दोन कायदे, आणि या घोळात निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला, डिसेंबरात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मतदान झाले, आणि जिल्हा परिषदांची पाळी त्याच्याही नंतर आली. रत्नागिरी जिल्हा परिषदेत ५५ सदस्य होते, सिंधुदुर्गात ५०. ही शंभरावर माणसे जवळजवळ चार वर्षे 'माजी' होऊन घरी बसली. त्याच सुमारास आमदारांचा स्थानिक विकास निधी वाढून वर्षाला पाच कोटींवर गेला होता. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत आणि आमदार तीन. तिथे पन्नास जणांनी करायच्या कामाची यादी तिघांकडे गेली, आणि त्या तिघांना ती नको होती असे निदान त्यांच्या फलकांवरून तरी वाटत नाही.

जिल्हा नियोजन समितीचा प्रकार तर सामान्य मतदाराच्या लक्षातही आला नसेल. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा ठरवणाऱ्या या समितीत किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत, असे राज्यघटना सांगते. निवडून द्यायला कोणी उरलेच नाही, तेव्हा पालकमंत्री, आमदार-खासदार आणि जिल्हाधिकारी एवढ्यांच्या बैठकीत जिल्ह्याचा आराखडा ठरत गेला. विधान परिषदेतही तेच घडले. तिच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य तिथे मतदार असतात. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाची जागा २०२४ मध्ये रिकामी झाली आणि मतदारच अस्तित्वात नसल्यामुळे रिकामीच राहिली. स्थानिक संस्थांचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी राखलेली खुर्ची त्या संस्थांची सर्वांत बिकट अवस्था असताना मोकळी होती. याबद्दल कोकणातून कोणी आवाज उठवल्याचे माझ्या वाचनात आले नाही. आणखी एक योग प्रशासक बसले त्याच वर्षी जुळला होता. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, कोकणातल्या अनेक आमदारांनी बाजू बदलली, आणि नगरसेवक-सदस्य तेव्हा पदावर नसल्यामुळे त्यांना आपल्या सभागृहात उभे राहून काही ठरवण्याची संधीच मिळाली नाही. ते आमदाराच्या मागे गेले किंवा राहिले ते कार्यकर्ता म्हणून. स्वतःचे पद असलेला माणूस नेत्याशी ज्या बरोबरीने बोलू शकतो, ती बरोबरी त्या चार वर्षांत संपली.

वरची आणि खालची ही दोन सभागृहे एकमेकांशी कशी जोडलेली असतात, याचे कोकणातले सर्वांत मोठे उदाहरण महाडचे आहे. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. कायदेमंडळाने ठराव केला म्हणून गावातल्या तळ्याचे पाणी कोणाला मिळाले नाही. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा स्वतःचा ठराव केला, तेव्हा त्या प्रांतिक ठरावाला जमिनीवर पाय ठेवायला जागा मिळाली. त्याच्याही अंमलाचे धैर्य नगरपालिकेला झाले नाही, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात दहा वर्षे चालून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाले. टिपणीस १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी आंबेडकरांनी विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. म्हणजे नगरपालिकेत ठराव करून त्याचे काय होते ते पाहिलेला हा माणूस ज्या सभागृहात जाऊन बसला, तिथे त्याच्या पक्षाने कोकणातल्या कुळांच्या मानेवरचे जू काढण्याचा प्रश्न आणला. खोती प्रत्यक्षात संपायला १९४९ चा कायदा यावा लागला; पण नगरपालिकेतून विधानसभेत जाण्याला कशासाठी अर्थ आहे, हे त्या पिढीला नीट उमगले होते.

आजच्या वाटा पाहिल्या तर त्या अनेक आहेत, आणि सगळ्या सारख्या प्रतीच्या नाहीत. कोकणातली एक जुनी वाट मुंबईतून येते. नारायण राणे १९८५ मध्ये मुंबई महापालिकेत नगरसेवक झाले, बेस्ट समितीचे अध्यक्ष झाले, १९९० मध्ये मालवणातून आमदार झाले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री. चाकरमान्यांचा प्रदेश असल्याने हे इथे कोणाला वावगे वाटले नाही. गावाचे मुंबई मंडळ ज्याला ओळखते तो गावालाही आपलाच. दुसरी वाट गावातल्याच नगरपालिकेतून जाते. दीपक केसरकर सावंतवाडीचे नगराध्यक्ष होते, २००९ मध्ये आमदार झाले आणि पुढे मंत्री. तिसरी जिल्हा परिषदेतून जाते. आदिती तटकरे २०१७ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि २०१९ मध्ये श्रीवर्धनच्या आमदार. त्यांच्यामागे घरचे राजकारण होते हे सांगायला नको, आणि त्यामुळेच पुढचा मुद्दा अधिक टोचतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. तेव्हापासून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत किती महिला सरपंच, सभापती, नगराध्यक्ष झाल्या असतील याचा अंदाज करावा. आणि २०२४ च्या निवडणुकीत इथल्या १५ विधानसभा जागांवर महिला आमदार आली ती एक, श्रीवर्धनची. आरक्षण फिरते असल्याने बाईने पाच वर्षे जोपासलेला प्रभाग पुढच्या खेपेस तिच्या हातून जातो, आणि निधीच हातात नसल्याने प्रभागाबाहेर नाव होत नाही. त्याच निवडणुकीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आठ जागांपैकी चार जागी दोन घरांतले भाऊ निवडून आले: रत्नागिरी आणि राजापूरला सामंत, कणकवली आणि कुडाळला राणे. ते लोकांच्या मतांनीच आले आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या प्रदेशात तळातून वर येण्याची वाट चार वर्षे बंद होती, तिथे वरच्या जागा घरातल्या घरात राहिल्या तर नवल कसले?

म्हणून नगरसेवकाने आमदार व्हावे, अधिकाधिक संख्येने व्हावे, असेच माझे म्हणणे आहे. तिथे जाऊन त्याने काय करावे हा वादाचा भाग. विधानसभेत करण्यासारखे कोकणाचे इतके पडले आहे, की पेव्हर ब्लॉकच्या उद्घाटनांना वेळ कसा मिळतो याचे आश्चर्य वाटते. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकूळ आणि गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न घ्या. संस्थानाच्या काळात गावकरांनी कबुलायत देऊन सारा भरायचा आणि गावाने जमीन कसायची, अशी ती पद्धत. ती गेली आणि सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' असे नाव लागले. पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या माणसाच्या नावावर जमीन नाही, म्हणून कर्ज नाही, घर बांधायला परवानगी नाही, नुकसानीची भरपाई मागायला कागद नाही. अलीकडे वाटपाचे निर्णय होऊ लागले. त्याआधीची कित्येक वर्षे गेली ती समित्या, शिष्टमंडळे आणि निवेदने यांत. विकास निधीतून त्या गावांत कितीही सभामंडप बांधले, तरी सातबाऱ्यावरची ती एक ओळ हलणार नव्हती. ती मंत्रालयातच हलणार होती.

मासेमारीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे, म्हणजे आशादायक आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि पुढे एलईडी दिव्यांच्या मासेमारीने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे, आणि लहान नौकावाले यांचे जगणे कठीण केले, तरी पकडलेल्या नौकेला होणारा दंड एका फेरीतल्या मासळीपुढे किरकोळ होता, आणि तो ठरवण्याचे काम आधीच शंभर कामांखाली दबलेल्या तहसीलदारांकडे होते. २०२१ मध्ये कायदा बदलला, दंडाच्या रकमा वाढल्या आणि निर्णयाचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. अंमलबजावणीत अजून पुष्कळ भोके आहेत आणि मालवण-देवगडचा मच्छीमार ती मोजून दाखवील. तरीही किनाऱ्यावरच्या लिलावगृहांच्या पत्र्यांवर खर्चलेल्या सगळ्या निधीपेक्षा त्या दुरुस्तीचा उपयोग अधिक आहे. मालवणच्या दांडी किंवा धुरीवाड्यात घरोघरी फिरलेल्या नगरसेवकाला हे दुसऱ्या कोणी समजावून द्यावे लागत नाही. असा माणूस सभागृहात असेल तर तो विचारू शकतो, की वर्षभरात किती नौकांवर प्रकरणे दाखल झाली, किती निकाली निघाली, गस्तीनौका कोणत्या महिन्यात बंद होती. तारांकित प्रश्नाला छापील उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरात अधिकारी अडकतो.

यावर आमदारांचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते फेटाळण्यासारखे नाही. ते म्हणतात, लोकांना प्रश्न-लक्षवेधी यांत रस नसतो. "दिवो पेटना नाय? आमदाराक सांगा," हीच सगळ्यांना सवय. जो आमदार कायद्याचा अभ्यास करीत बसतो आणि लग्नामयताला जात नाही, तो पुढच्या खेपेस घरी बसतो. शिवाय कायदा करण्यातली त्याची सत्ता तरी केवढी? १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, निघाला, की मत कोणाला हे ठरलेलेच; विधेयक मांडले जाते आणि गोंधळात संमत होते, मग निदान एक रस्ता झाल्याचे तरी समाधान. यातला पहिला भाग खरा आहे, पण तो अर्धाच खरा आहे. दिवा पेटत नाही म्हणून आमदाराकडे जावे लागते, कारण नगरपरिषदेकडे विद्युत कर्मचारी नाही आणि भरतीला वरून मंजुरी नाही; ती मंजुरी मिळवणे हे आमदाराचे काम होते आणि त्याने त्याऐवजी हायमास्ट दिला. दुसऱ्या भागाबद्दल सांगायचे, तर व्हिप मतदानाला असतो. प्रश्न विचारायला, अर्धा तास चर्चा मागायला, शुक्रवारी अशासकीय, म्हणजे आमदाराने स्वतः आणलेले, विधेयक मांडायला कोणाचा व्हिप आडवा येत नाही. पंचायत राज समिती ही विधिमंडळाचीच समिती आहे, ती जिल्हा परिषदांना भेटी देऊन हिशेब तपासते. माजी जिल्हा परिषद सदस्याइतका लायक माणूस तिला कुठून मिळणार? पण त्या दौऱ्यांची चर्चा जेवणावळींपुरती होते, अहवाल कोणी वाचत नाही.

खालची संस्था मनावर घेते तेव्हा काय होते, हे वेंगुर्ल्याने दाखवले आहे. तिथल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघरचा कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले, बायोगॅस केला आणि जिथे नाक धरून जावे लागे त्या कचराभूमीवर लोक सहलीला येऊ लागले. सभागृह आणि अधिकारी एका दिशेने चालले आणि हातात थोडा पैसा असला, की एवढे होते. मात्र अधिकारी बदलून गेला की असे काम टिकवणे सर्वस्वी सभागृहाच्या कुवतीवर येऊन पडते, आणि ती कुवत वाढवणारा कायदा वेंगुर्ल्यात होत नाही, मुंबईत होतो.

मला विचाराल तर आमदारांचा स्थानिक विकास निधी बंद करून ती रक्कम त्याच मतदारसंघातल्या नगरपरिषदा, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषद गट यांच्याकडे लोकसंख्येच्या प्रमाणात जायला हवी, आणि कलम ३०८ खालच्या स्थगितीला दोन-तीन महिन्यांची कालमर्यादा घालायला हवी. पहिली सूचना कोणताही आमदार मान्य करणार नाही हे मला कळते. दुसरीला खर्च नाही, आणि जो स्वतः कधी नगरसेवक होता त्याने ती अशासकीय विधेयकाच्या रूपाने मांडली, तर निदान त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. या तीन जिल्ह्यांतल्या आमदारांना यात पक्ष आडवा येण्याचेही कारण नाही, कारण स्थगितीचा फटका आलटून पालटून सगळ्यांच्याच नगरसेवकांना बसलेला आहे.

आता सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत आणि नियोजन समित्यांवर सदस्य निवडून देण्याची वेळ येईल. घटनेने हा अधिकार नगरसेवकांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना दिला आहे, आणि तो ते आपल्या मनाने वापरतात, की आमदार-पालकमंत्र्यांच्या बंगल्यावरून आलेल्या यादीला सूचक-अनुमोदक होऊन बिनविरोध मान हलवतात, हे पाहावे लागेल. या नव्या नगरसेवकांतूनच २०२९ चे आणि २०३४ चे आमदार निघायचे आहेत.